आवाज येतोय, पण कुठल्या पट्टीत? पुण्यातल्या टेस्टर मंडळींना खुले पत्र

प्रिय टेस्टर मंडळी,

स. न. वि. वि.

हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात, नाहीतर हल्ली घरीच जेवणाच्या टेबलावर बसून तुम्ही दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधता. हे पत्र तुम्हा सगळ्यांना. संगणकाच्या एका अपडेटनंतर माझ्याकडचं जुनं गाणं चुकीच्या पट्टीत वाजायला लागलं, त्याबद्दल. खरं तर ते अपडेट पाठवणाऱ्या कंपनीला लिहायचं. तसं लिहिलंही होतं. उत्तरादाखल आधी तक्रारीचा लांबलचक क्रमांक आला आणि चौथ्या दिवशी निरोप आला: 'आपल्या समस्येचे निराकरण झाले असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.' निराकरण कुणी केलं, केव्हा केलं, मला पत्ता नाही. संगणक तर चारही दिवस माझ्यासमोरच होता. माझा भाचा तुमच्याच धंद्यात आहे. तो म्हणाला, "मावशी, कंपनीला कशाला लिहितेस, टेस्टिंगवाल्यांना लिही. बोलणी खायची आम्हाला सवय आहे." त्याने चेष्टेत म्हटलं, मी मनावर घेतलं. पण बोलणी द्यायला बसलेली नाही मी. घडलेलं सांगायचंय, आणि शेवटी काहीतरी मागायचंय.

मी गाणं शिकवते. सहकारनगरला, घरीच, सतरंजी घालून पाच-सहा मुलं बसतात. घराला आग लागली तर तानपुऱ्याच्या आधी मी कपाटावरचं एक खोकं उचलीन. त्यात माझ्या बाईंच्या तालमीच्या कॅसेटी आहेत. बाई म्हणजे माझ्या गुरू. त्या शनिवार पेठेत राहायच्या, एका खोलीत. एक खाट, दोन तानपुरे, स्टुलावर टेपरेकॉर्डर. तालीम सुरू झाली की लाल बटण दाबायचं माझं काम, आणि ४५ मिनिटांनी बाईंची तंद्री न मोडता कॅसेट उलटायचंही माझंच. उलटताना जे दोन-चार आलाप निसटले, ते कायमचे निसटले.

२०२०च्या टाळेबंदीत भाचा आमच्याकडे अडकला. त्या काळात आम्ही दोघांनी मिळून ते खोकं संगणकात उतरवलं. यूएसबीला जोडायचं एक साउंड कार्ड त्याने पूर्वीच तापकीर गल्लीतून आणून ठेवलेलं होतं. कॅसेट डेक जुन्या बाजारातला, रविवारी घासाघीस करून घेतलेला. स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचं, कॅसेट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळून घ्यायची, मग लावायची. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते म्हणतात. कागदावर. प्रत्यक्षात एक डेक दुसऱ्यासारखा कधीच नसतो, आणि भरणारं यंत्र एक, वाजवणारं दुसरं असलं की फरक पडतोच. आमचा डेक बाईंना एका पट्टीच्या (पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराच्या) तिसऱ्या हिश्श्याइतकं वर चढवत होता. ऐकणाऱ्याला कदाचित कळलंही नसतं. मला टोचत होतं.

त्यावर भाच्याने काढलेली युक्ती मला अजून आवडते. बाईंचा टेपरेकॉर्डर विजेवर चालायचा, त्यामुळे प्रत्येक कॅसेटमध्ये गाण्याच्या खाली एक बारीक घरघर आहे. आपल्याकडच्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात, म्हणजे घरघरही ५०च्या आसपास भरायला हवी. भाच्याने मोजली, तर ५१ भरली. फीत दोन टक्के जास्त वेगाने पळत होती. तेवढा वेग उतरवला आणि बाई आपल्या जागी येऊन बसल्या: काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी; षड्ज, म्हणजे त्यांचा सा, सुमारे २०७.६ हर्ट्झ (सेकंदाला तेवढी आवर्तनं). ज्या घरघरीला मी इतकी वर्षं नावं ठेवत आले, तिनेच बाईंची पट्टी सांभाळून ठेवली होती. (जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. तबकडीवर मिनिटाला ७८ फेरे छापलेले असले तरी अगदी सुरुवातीच्या काळात मुद्रण नेमकं ७८वरच झालेलं असेल याची खात्री नसते. सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही निघतं. मग गवयाची खरी पट्टी कोणती यावर पुण्यात दोन माणसं एकमेकांशी दहा वर्षं अबोला धरू शकतात.)

एवढं पुराण लावलं ते अशासाठी, की त्या ध्वनिमुद्रणांमध्ये पट्टी हीच आमची कमाई होती. आता अपडेटकडे येते.

शनिवारी रात्री संगणकाने 'बंद करू नका' अशी तंबी देऊन दीड तास टक्के मोजले. रविवारी सकाळी नऊला मुलं आली, तानपुरा लागला, आणि बाईंचा शुद्ध कल्याण लावला तर आवाजच नाही. इथपर्यंत मी घाबरले नाही. अपडेटनंतर आवाज गेला की आधी खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून आवाज निघतोय कुठून ते बघायचं, हे मला पाठ आहे. संगणकाने परस्पर ठरवलं होतं की यापुढे आवाज मॉनिटरमधून निघेल. माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. पडद्याला जी एचडीएमआयची केबल जाते तिच्यातून चित्राबरोबर आवाजही जाऊ शकतो, एवढ्यावरून त्याने हा निर्णय घेतला. साउंड कार्ड पुन्हा निवडलं. दोन मिनिटांत बाई गायला लागल्या.

पाच मिनिटं झाली असतील. मुलींमधली सगळ्यात धाकटी, बारा वर्षांची, हळूच म्हणाली, "ताई, बाईआजी आज घाईत आहेत का?"

मी तिला गप्प केलं. याची मला अजून लाज वाटते, कारण मलाही काहीतरी खुपत होतं आणि मी ते 'आज माझाच कान ठिकाणावर नाही' म्हणून बाजूला सारत होते. बाईंचा आवाज बाईंचाच होता, शुद्ध कल्याणही शुद्ध कल्याणच होता. गंधार गंधाराच्या जागी, पंचम पंचमाच्या. पण मांडीवरच्या तानपुऱ्याशी त्यातलं काहीच जुळेना. मी खुंटी पिळत गेले. काळी चारवरून वर, पांढरी सहाही ओलांडली, काळी पाचपर्यंत पोचायच्या आत थांबावं लागलं. दोन पट्ट्यांच्या मधे, जिथे पेटीला पट्टीच नाही, तिथे बाई उभ्या.

आणि बाजू संपली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाऊण तास झालाच नव्हता. ४१ मिनिटं आणि वर थोडे सेकंद. प्लेअरवर मात्र ४५:०० असे स्वच्छ आकडे.

तुमच्यातल्या काही जणांना इथेच उत्तर कळलं असेल. मला कळायला पुढचे तीन दिवस गेले, आणि ते तीन दिवस कसे गेले ते तुमच्या कानावर घालायलाच हवं.

मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा गुणी होता, मराठी बोलत होता. "मॅडम, आवाज येतोय का?" म्हटलं, येतोय, पण पट्टी चढलीय. "कुठली पट्टी मॅडम, स्क्रीनच्या खालची?" मी त्याला पेटीची पट्टी समजावली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आवाज येतोय ना मॅडम?" येतोय. "मग साउंडचा प्रॉब्लेम नाहीये." त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोरच्या कागदावर बहुधा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर 'हो' आलं होतं.

सोमवारी कार्ड पिशवीत घालून तापकीर गल्ली गाठली. दुकानदाराने स्वतःच्या संगणकाला जोडलं, एक ढणढणीत गाणं लावलं आणि म्हणाला, "काकू, आवाज येतोय की! बास तर बघा कसला आहे." त्याच्याकडे खरंच काही चुकलेलं नव्हतं, बिघाड माझ्या संगणकाच्या आणि कार्डाच्या मधे कुठेतरी होता. पण त्या ढणढणाटात तो असता तरी कळला नसता. रिक्षाचे पैसे गेले, एवढंच.

मंगळवारी रात्री भाचा आला. त्याने आधी काहीच दुरुस्त केलं नाही, हे मला फार आवडलं. तानपुरा बोलत नसेल तर आपण काय करतो? एकेक तार बोटाने दाबून बंद करायची आणि उरलेल्या ऐकायच्या. त्याने तेच केलं. साउंड कार्ड काढून हेडफोन थेट संगणकाच्या भोकात खुपसला. बाई काळी चारमध्ये. म्हणजे फाइल शाबूत, प्लेअर शाबूत, माझा कानही शाबूत. कार्ड परत जोडलं, बाई परत अधांतरी. मग दुसऱ्या प्लेअरमधून वाजवून पाहिलं, तिथेही अधांतरीच. मग त्याने फोनवरचा सूर मोजणारा ॲप काढला, स्पीकरसमोर धरला आणि बाईंच्या षड्जावर आकडा वाचला: २२६.

"तुझी काळी चार किती म्हणालीस?"

"२०७.६."

त्याने भागाकार केला. १.०८८. मग माझ्याकडे न बघता दुसरा भागाकार केला, ४८,००० भागिले ४४,१००. तोही १.०८८. खाली घरघर मोजली. आमची पन्नासची घरघर साडेचोपन्नच्या जवळ जाऊन बसली होती. पन्नासला १.०८८ने गुणून पाहा.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे पत्र माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींच्या आयाही वाचतील, म्हणून लिहिते. संगणकात गाणं म्हणजे नुसते आकडे. आवाजाच्या लाटेची उंची एका सेकंदात हजारो वेळा मोजायची आणि लिहून ठेवायची. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून गाण्यासाठी हे मोजमाप सहसा सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात. वाजवताना तेच आकडे त्याच वेगाने वाचले तर गाणं जसंच्या तसं. वाचणारं कार्ड सेकंदाला ४८,००० आकडे वाचणारं असेल, तरी हरकत नाही. संगणक मधे हिशेब करून ४४,१००चे ४८,००० करून देतो आणि कुणाला काही कळत नाही. माझ्याकडे काय झालं, तर अपडेटने कार्डाचा जुना ड्रायव्हर काढून स्वतःजवळचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवला. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. नव्या दुभाष्याने संगणकाला सांगितलं, कार्ड ४४,१००वर आहे. कार्ड होतं ४८,०००वर. मधला हिशेब करायची गरजच कुणाला वाटली नाही. विलंबितात लिहिलेली चीज कुणी मध्यलयीत वाचून दाखवावी, तसं झालं. मोटरच नसलेल्या यंत्रात मोटर पळत सुटली.

४४,१०० हा आकडा असा तिरपागडा का, हे मी भाच्याला विचारलं, कारण मला वाटलं होतं संगणकवाले गोल आकड्यांचे शौकीन असतील. सुरुवातीला हे आकडे साठवायला चित्रफितीची यंत्रंच वापरत. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने, अशा २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. करा गुणाकार. युरोपातली चित्रपद्धत निराळी, तिथे २९४ ओळी आणि ५० वेळा, उत्तर तेच. ओळीला तीन, म्हणजे तिहाईच म्हणा. ४८,००० मात्र सिनेमा-व्हिडिओच्या सोयीचा. त्याला २४नेही भाग जातो आणि २५नेही. मग मलाही चेव आला. बाईंचा विलंबित एकताल म्हणजे एका मात्रेला चार सेकंद, बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांत. अपडेटनंतर तेच आवर्तन किती सेकंदांत संपत होतं, सांगा? ४४.१. रात्री साडेअकराला आम्ही दोघं या गोष्टीवर इतके हसलो की शेजारच्यांनी दार वाजवलं.

दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. आधीचा ड्रायव्हर परत आणायचं बटण होतं, पण राखाडी. जुना ड्रायव्हर संगणकाने ठेवलाच नव्हता. मग कार्ड बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून त्यांचा ड्रायव्हर उतरवून बसवला. संगणकाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये आणि कार्डाच्या स्वतःच्या खिडकीत, दोन्हीकडे, ४४,१०० निवडलं. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. बाई घरी आल्या.

त्याच अपडेटने आणखी दोन-तीन उद्योग करून ठेवले होते. ते पटकन सांगते. 'एन्हान्समेंट' नावाखाली आवाज सारखा करणारी एक खूण आपोआप लागली होती. ती हळू आवाज मोठा करते आणि मोठा आवाज दाबते. सिनेमातलं कुजबुजणं ऐकू यावं म्हणून ते ठीक असेल, पण बाई षड्ज लावताना जो आवाज शून्यातून उगवतो तो या सोयीमुळे एकदम अंगावर येत होता, आणि घरघर तर शेजारी चक्की सुरू असल्यासारखी. ती खूण काढली. दुसरी सोय अशी, की कॉल चालू आहे असं वाटलं की संगणक बाकीचे आवाज ८० टक्के खाली आणतो. माझी एक विद्यार्थिनी ऑनलाइन शिकते. तिला ऐकवायला बाई लावल्या की बाई लगेच दबक्या आवाजात. तिथे 'काहीही करू नको' असा पर्याय आहे, तो निवडावा. आणि त्याच सपाट्यात प्लेअरही नवा झाला. त्याने माझ्या याद्या जुन्या पद्धतीच्या एम-थ्री-यू फाइलमध्ये परत लिहिल्या, आणि माझी फाइलींची नावं देवनागरीत. 'शुद्ध कल्याण विलंबित' या जागी नुसती प्रश्नचिन्हं. गाण्याच्या फाइली सुखरूप होत्या, पण यादीतली नावं प्रश्नचिन्हांतून परत मिळत नाहीत. भाच्याने जुनी प्रत शोधून दिली आणि ती एम-थ्री-यू-एटमध्ये जपून ठेवली. ती देवनागरी सांभाळते. सोय करणाऱ्यांनो, सोयीआधी विचारत जा. आमच्याकडे पाहुणेसुद्धा फ्रीज उघडण्याआधी विचारतात.

पण पट्टीकडे परत येते, कारण मुद्दा तिथेच आहे.

मी भाच्याला विचारलं, "ही चूक तुमच्या तपासणीत कशी सापडली नाही?" तो जरा वैतागला. म्हणाला, जगात साउंड कार्डं किती, संगणक किती, दोघांच्या जोड्या किती, आणि अपडेट बाहेर पडायच्या आधी हातात दिवस किती. शिवाय अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. त्या अडवून धरल्या तर उद्या कुणीतरी मावशीच्या बँकेत शिरेल. हे सगळं मला पटलं. मी अपडेट बंद केलेली नाहीत आणि करणारही नाही. तो म्हणाला, ध्वनीची तपासणी यंत्रच करतं: एक सूर वाजवायचा, तोच परत रेकॉर्ड करायचा, जुळला की पास.

"कशाने रेकॉर्ड करायचा?"

"त्याच कार्डाने. दुसऱ्या टोकाने वायर फिरवून."

तिथे मला एकदम लख्ख दिसलं, आणि त्यालाही, कारण तो बोलता बोलता थांबला. कार्ड चुकीच्या वेगाने वाजवतं आणि त्याच चुकीच्या वेगाने मोजतं. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. कागदावर पाठवलेला सूर आणि आलेला सूर अगदी सारखे. पास. प्लेअरचंही तसंच, किती आकडे वाचून झाले त्यावर तो मिनिटं मोजतो, म्हणून ४१ मिनिटांना ४५ म्हणताना त्याला काही वावगं वाटलं नाही. घड्याळ भरधाव, आणि त्या घड्याळावर घड्याळाचीच साक्ष.

गाण्यातही हेच होतं, म्हणून मला ते दिसलं असावं. आपला षड्ज चल आहे. काळी एकला गा, पांढरी पाचला गा, भूप भूपच राहतो, कारण सगळे स्वर एकमेकांच्या नात्याने उभे असतात. गाणारा चढला आणि तानपुराही त्याच्याबरोबर चढवला, तर त्या खोलीत बेसूर असं काही उरतच नाही. दुकानदाराला कळलं नसतं ते म्हणूनच, आणि मलाही बराच वेळ कळलं नाही. बारा वर्षांच्या मुलीला कळलं, कारण तिच्या कानात गेल्या रविवारच्या बाई होत्या. त्या खोलीबाहेरचं माप तिच्याजवळ होतं. माझ्याजवळ मांडीवरचा तानपुरा होता. भाच्याजवळ फोन होता, ज्याचं घड्याळ त्याचं स्वतःचं आहे.

तेव्हा माझी मागणी ही. तपासणीत एक दुसरा कान ठेवा. वाजवणारं यंत्र वेगळं आणि ऐकणारं वेगळं. दोघांची घड्याळं वेगळी. कोपऱ्यात साधा फोन टेकवून ठेवला तरी भागेल. एका ठरलेल्या सुराची फाइल वाजवा आणि त्या फोनवर आकडा वाचा. एक तासाची फाइल लावा आणि भिंतीवर बघा; ५५ मिनिटांत संपली तर काय झालंय ते आता तुम्हाला माहीत आहे. याला नवं यंत्र लागत नाही, रात्रपाळी लागत नाही. फाइल ४४,१००ची आणि कार्ड ४८,०००वर, आणि मग उलटं, असं दोन्हीकडून करा. नुसतं एकाच वेगावर तपासलंत तर हा चोर सापडणार नाही. आणि 'आवाज येतोय का?' या प्रश्नाच्या खाली मदतकेंद्राच्या त्या मुलासाठी आणखी दोन ओळी लिहून द्या: वेग नेहमीचा आहे का, दुसऱ्या भोकातून ऐकलं तर फरक पडतो का. एवढ्यावर त्याने माझं काम पाच मिनिटांत केलं असतं, आणि माझ्यापुढे त्याला मुकाट बसावं लागलं नसतं.

अपडेटबरोबर जी टीप येते तिच्याबद्दलही एक. 'विविध सुधारणा आणि दोषनिवारण' हे वाचून कुणाला काय कळावं? बाजारातल्या वाण्याने 'विविध डाळी आणि किराणा, एकूण इतके' असं बिल दिलं तर आपण देऊ का पैसे? 'ध्वनीचे ड्रायव्हर बदलले आहेत, बाहेरचं साउंड कार्ड असेल तर त्याचा वेग तपासा' एवढं एक वाक्य असतं तर मी रविवारी सकाळीच तिथे पोचले असते. आणि जुना ड्रायव्हर निदान महिनाभर तरी टाकू नका. जुन्या आवृत्तीकडे परतायला दहा दिवस मिळतात, असं भाचा म्हणाला. गाणं शिकणाऱ्या माणसाला चूक कुठे आहे हेच समजायला कधीकधी दहा दिवस लागतात.

हे लिहून होईपर्यंत भाच्याने त्याच्या कंपनीत दोन वेगळ्या घड्याळांची तपासणी सुरू करायचं ठरवलंय, असं तो म्हणतो. त्याची कंपनी ध्वनीचं काही करत नाही, बँकांचं करते. पण तिथेही कुणीतरी स्वतःच्याच घड्याळाने स्वतःला तपासत असेल, असं त्याला आता वाटायला लागलंय.

माझ्याकडून मी एवढं केलंय: तानपुऱ्याचा एक मिनिटाचा तुकडा, काळी चार, ४४,१००वर, पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवलाय. खाली बाईंच्या खोलीतली घरघरही आहे, बरोबर ५०वर. तुमच्यापैकी ज्याला तपासणीसाठी हवा असेल त्याने घेऊन जावा. पैसे नकोत, चहा मिळेल. पत्ता भाच्याला विचारा, तो तुमच्यातच कुठेतरी बसलेला आहे. संध्याकाळी सहानंतर या. गुरुवारी मात्र नको. त्या दिवशी वीज असेलच असं नाही, आणि विजेशिवाय घरघर ऐकवता येत नाही.

आपली,
एक गायनशिक्षिका
सहकारनगर, पुणे